पिल्लानं तोंड लावलं

घरातलं कुणी जेवेनासं झालं की सगळ्या घराचीच भूक जाते. लहान मूल असो, म्हातारं माणूस असो की पडवीत वाढलेलं मुकं जनावर, त्याच्यापुढे ठेवलेलं तसंच परत आलं की वाढणाऱ्या बाईच्या जिवाला घोर लागतो. गेल्या पावसाळ्यात आम्हाला हा घोर एका मांजराच्या पिल्लाने लावला. त्या चार दिवसांत जे कळलं, ते मांजर पाळणाऱ्या भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आमचं घर चिपळूण तालुक्यात, खाडीकाठच्या गावात. मासळीचं गाव म्हणजे मांजरं आलीच. आमच्या पडवीत सरपणाच्या आडोशाला एका मांजरीने तीन पिल्लं घातली होती. पिल्लं दीड महिन्याची झाली आणि मांजरी एके दिवशी बाहेर गेली ती परतलीच नाही. चार दिवस पावसाने उसंत दिली नाही. दोन पिल्लं दगावली. माझ्या धाकट्या मुलीने त्यांना माडाखाली पुरलं आणि तिसरं ओढणीत गुंडाळून घरात आणलं. रंगावरून त्याचं नाव ठेवलं केशर.

केशरचे डोळे चिपडांनी चिकटले होते, नाक पूर्ण बंद. शिंक आली की सगळं अंग हादरायचं. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी चादर घालून त्याला ठेवलं. पुढ्यात उकडलेला मासा ठेवला. त्याने बशीपर्यंत तोंड नेलं आणि मान फिरवून बसून राहिलं. मुलगी मला म्हणाली, “अम्मी, हे पण जाणार का?”

शेजारपाजारच्या बायका जमल्या. एक म्हणाली गाईचं दूध पाज, दुसरी म्हणाली साखरपाणी दे. तिसरीने तापाच्या गोळीचा चतकोर तुकडा द्यायला सांगितलं. माझे मिस्टर कुवेतला असतात. ते फोनवर म्हणाले, “कुणाचं काही देऊ नको, आधी डॉक्टरांना दाखव.” मी रिक्षा केली आणि खोकं घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तिथे शेळ्या आणि गाई घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या रांगेत आम्ही मायलेकी मांजराचं पिल्लू घेऊन उभ्या. पण डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं नाही.

त्यांनी केशरला वजनकाट्यावर ठेवलं. भरलं 480 ग्रॅम. या वयाचं धडधाकट पिल्लू सातशे ग्रॅमच्या आसपास असतं, असं ते म्हणाले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली गेली. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, अँटिबायोटिक आणि डोळ्यांचे थेंब लिहून दिले आणि समजावून सांगितलं, ते असं.

मांजर जिभेपेक्षा नाकाने जेवतं. वास आला नाही तर पोट रिकामं असूनही ते अन्नाला तोंड लावत नाही. गोड चव तर मांजराला कळतच नाही, म्हणून साखरेने ते भुलत नाही. ही सर्दी मांजरांच्या विषाणूंची असते, माणसाला लागत नाही, पण तिच्यात कधीकधी तोंडात फोड येतात आणि गिळताना दुखतं. गाईच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात आणि आधीच सुकलेलं पिल्लू आणखी सुकतं. तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला विष आहे. थोडीशीही जीव घेऊ शकते. कांदा-लसूण घातलेला रस्साही द्यायचा नाही, त्याने रक्त बिघडतं. इतकं लहान पिल्लू दिवसभर उपाशी राहिलं तरी धोका, म्हणून उद्यावर ढकलायचं नाही.

घरी आल्यावर सासूबाई खोक्याशेजारी येऊन बसल्या. एरवी त्या मांजराला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू देत नाहीत. दोन पिल्लांच्या मरणाने त्यांचाही जीव हलला असावा. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, “अगं, तुझे सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी काय करायची? आधी नाकतोंड पुसायची, गुळण्या करायला लावायची, उशाला टेकवून बसवायची, मग पेजेची वाटी पुढे करायची. रोग्याला चव आणल्याशिवाय घास जात नाही.” डॉक्टर जे म्हणाले तेच त्या आपल्या अनुभवाने म्हणत होत्या.

मग आमचं काम सुरू झालं. केशरचे पंजे गार पडले होते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग अन्न. नाहीतर पोटातलं पचत नाही. बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळली आणि खोक्याच्या एका कडेला ठेवली. दुसरी बाजू मोकळी सोडली, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल. न्हाणीघरात कढत पाण्याची बादली ठेवून दार लावलं आणि त्याला मांडीवर घेऊन दहा मिनिटं नुसत्या वाफेत बसले. बादली त्याच्यापासून लांबच ठेवली होती. नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकावरची खपली ओढून न काढता मऊ करून पुसली. डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसले, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस.

सासूबाईंनी तोवर बांगडा उकडला होता. मीठ, मसाला काही नाही. काटे बोटांनी चाचपून काढले आणि मासा त्याच्याच पाण्यात लोण्यासारखा कालवला. आपल्या मनगटाला किंचित ऊन लागेल इतपतच तो गरम ठेवला, म्हणजे वास उठतो आणि तोंड भाजत नाही. बोटाच्या टोकावर जोंधळ्याएवढा घेऊन ओठाला लावला. केशरने जीभ फिरवली, पण पुढे काही नाही.

म्हणून सिरिंज घ्यावी लागली, अर्थात सुई नसलेली. पिल्लाला उताणं कधीच धरायचं नाही. चार पायांवर किंवा पोटावर बसतं तसंच ठेवायचं, मान सरळ. सिरिंजचं टोक समोरून न घालता गालाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागून घालायचं. अर्धा मिली सोडायचा, ते गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा थेंब. घाई केली तर अन्न फुफ्फुसात जातं. त्याने तोंड फिरवलं की त्या वेळेपुरतं बंद. एका वेळी तीन-चार मिली, दर दोन तासांनी. इशाच्या नमाजनंतर माझी पाळी, मध्यरात्रीही माझीच. तहज्जुदला सासूबाई उठतात, तेव्हापासून फजरपर्यंत त्यांची.

कपड्यांना पिल्लाचा चिकटा लागायचा. मी त्यासाठी एक जुनी ओढणी वेगळी ठेवली होती. मुलीने विचारलं, “दादी, याने पाण्याला तोंड लावलं तर वुजू होईल का?” सासूबाईंनी तिला हजरत अबू कतादा (रजि.) यांची हकीकत सांगितली. त्यांच्या सुनेने, हजरत कब्शा यांनी, त्यांना वुजूसाठी पाणी आणून दिलं. तेवढ्यात मांजर आलं, तर त्यांनी भांडं तिच्यासाठी कलतं केलं. सून नवलाने पाहू लागली तेव्हा त्यांनी सांगितलं, की मांजर नापाक नाही, ती तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असं प्रेषितांनी (स.) म्हटलं आहे. आमच्या घरातही सासू-सून आणि मांजर असंच होतं, म्हणून मुलगी हसली. फार दिवसांनी हसली.

मला मात्र त्या रात्री दुसरी हदीस आठवत राहिली. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या आणि त्यामुळे शिक्षेला पात्र ठरलेल्या स्त्रीची. तिने मांजरीला मारल्याचं त्यात नाही. तिने खायला दिलं नाही आणि स्वतःचं शोधून खायला सोडलंही नाही, एवढंच आहे. केशर आमच्या खोक्यात होतं. त्याला बाहेर शिकार करता येत नव्हती. म्हणजे त्याचा घास आता आमच्यावर होता. खाणं न खाणं त्याच्या आणि अल्लाहच्या हाती, पण पुढे करत राहणं आमचं काम.

किराणा तोलायच्या छोट्या काट्यावर मी रोज सकाळी त्याचं वजन करून वहीत लिहीत होते. दुसऱ्या दिवशी 472. तिसऱ्या दिवशी 475. चौथ्या दिवशी फजरनंतर नाक बरंच मोकळं झालं होतं. सासूबाई बांगडा कालवत होत्या. खोक्यात खुडबुड झाली. केशर कडेवर पंजे टेकवून उभं राहिलं, धडपडत बाहेर पडलं आणि बशीपाशी गेलं. आम्ही कुणी जागचं हललो नाही. आजारी जनावराला बघे नको असतात. त्याने हुंगलं, थांबलं आणि खायला लागलं. चमचाभरच खाल्लं असेल, पण स्वतःच्या तोंडाने. सासूबाईंच्या तोंडून अल्हम्दुलिल्लाह निघालं. मुलगी शाळेत जाईपर्यंत बशीजवळून उठली नाही.

औषधाचे दिवस मात्र पूर्ण केले. महिन्याभराने ते ठणठणीत झाल्यावर डॉक्टरांनी लस टोचली आणि पुढच्या डोसाची तारीख दिली. या सर्दीच्या विषाणूंपासून लस बरंच संरक्षण देते, म्हणून पाळायचं ठरवलं तर ती टाळू नये.

आता केशर दोन किलोचं झालं आहे. स्वयंपाकघराचा उंबरा त्याला अजून बंद आहे, सासूबाईंचा तो नियम कायम आहे. फरक इतकाच, की मासळी साफ करताना त्याचा वाटा त्या न सांगता बाजूला काढतात आणि वाढण्याआधी मनगटावर ठेवून बघतात, गार तर नाही ना झालं.