टक्क्यांची बेरीज होत नाही

डाळिंबाच्या बागेत राबायचं तर टक्केवारी आलीच पाहिजे. आमची बाग आटपाडीजवळ, जुन्या औंध संस्थानच्या मुलखात. पाऊस बेताचा, जमीन हलकी, पण डाळिंबाला मानवणारी. भीती एकाच गोष्टीची, तेल्या रोगाची. म्हणून छाटणी उरकली की पहिली फवारणी एक टक्का बोर्डो मिश्रणाची. फ्रान्समधल्या बोर्दो भागात एकोणिसाव्या शतकात द्राक्षवेलींसाठी निघालेलं हे औषध आमच्या माणदेशात आता घरचंच झालंय.

एक टक्का म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. टक्का धरायचा तो मोरचुदाचा. रात्री मोरचुदाची पुरचुंडी प्लास्टिकच्या पिंपात टांगून ठेवली की सकाळी पाणी निळंशार. लोखंडी भांडं चालत नाही. चुना दुसऱ्या पिंपात विरवून गाळून घ्यायचा आणि दोघांनी दोन बादल्यांनी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचं. तयार झालेल्या आकाशी पाण्यात घासलेला विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुन्याची निवळी हवी. तशीच फवारणी केली तर पालवी करपते.

गेल्या हंगामात एका पिंपात एक टक्क्याचं शंभर लिटर होतं. दुसऱ्यात अर्ध्या टक्क्याचं पन्नास लिटर होतं. बोर्डो त्याच दिवशी संपवावं लागतं, म्हणून आबा म्हणाले, "दोन्ही एकत्र करू. एक आणि अर्धा, पाऊण टक्का झालं की."

"आबा, टक्के सोडा. मोरचूद किती पडलंय ते सांगा."

"ह्यात किलो. त्यात पाव किलो."

"म्हणजे सव्वा किलो. आणि पाणी दीडशे लिटर."

सव्वाला दीडशेनं भागून शंभरानं गुणलं की ०.८३ टक्के येतात. दोन्ही पिंपांत पाणी सारखंच असतं, तर आबांचा पाऊण टक्का बरोबर ठरला असता. टक्क्यांची बेरीज होत नाही, बेरीज होते ती मोरचुदाची आणि पाण्याची.

"मग पाऊण टक्काच पायजे असलं तर?" आबांनी विचारलं. सव्वा किलोला ०.७५नं भागून शंभरानं गुणलं की १६६ लिटरच्या वर जातं. म्हणजे आणखी साडेसोळा-सतरा लिटर पाणी. आबांनी बादली उचलली.

छाटणीच्या कात्र्या बुडवायला अडीच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लागतं, तिथंही हाच हिशेब. बाटलीवर ५ टक्के असेल तर जेवढं औषध तेवढंच पाणी. बाटलीवर १० टक्के असेल तर एका भागाला तीन भाग पाणी.

खरा घोळ होतो तो पाकिटावरच्या टक्क्यांनी. मँकोझेबच्या पाकिटावर ७५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे शंभर ग्रॅम पावडरीत मूळ घटक पंचाहत्तर ग्रॅम. लिटरला अडीच ग्रॅम सांगितलं असेल तर ती बहुधा पावडर असते, मूळ घटक नव्हे. शिफारस कशाची आहे, हे दुकानातच विचारून घ्यावं.

पिंपावर नुसता टक्का लिहू नका. किती किलो आणि किती लिटर, दोन्ही आकडे खडूनं लिहून ठेवा.