स्वयंभू गंधाराच्या कसोटीवर नव्वदीतले एक गाणे

एखादे जुने गाणे आजही टिकते की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आठवणींच्या आधारे दिले जाते आणि त्यामुळे ते गाण्याविषयी कमी, ऐकणाऱ्याच्या वयाविषयी अधिक सांगते. हा दोष टाळायचा असेल तर आठवणीबाहेरचे काही माप हाताशी असावे लागते, आणि असे माप सांगली-सातारा परिसरात सुमारे एका शतकापूर्वी मोठ्या कष्टाने तयार झाले होते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने १९११ मध्ये साताऱ्यात 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था उभी राहिली. आणि या दोघांच्या मोजमापाला आधार मिळाला तो पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा. या खटाटोपातून लंडनमध्ये घडवून घेतलेली श्रुती-हार्मोनियम १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मान्यता मिळवू शकली नाही, आणि बावीस श्रुतींच्या जागा निश्चित आकड्यांत बांधता येतात हा तिच्यामागचा आग्रहही आज फारसा कोणी धरत नाही. मात्र त्या वादातून एक गोष्ट शिल्लक राहिली, ती अशी की षड्जाची कंपनसंख्या दर सेकंदाला २४० धरली तर कानाला निवांत वाटणारा शुद्ध गंधार नेमका ३०० वर आणि पंचम ३६० वर येतो.

हे माप ज्या गाण्याला येथे लावायचे आहे, ते ख्यालापासून जितके दूर असू शकेल तितके दूर आहे. 'निर्वाणा' या अमेरिकी त्रिकुटाचे 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' सप्टेंबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्यात आलेल्या 'नेव्हरमाइंड' या संग्रहाचे ते पहिले गाणे ठरले. गायक-गिटारवादक कर्ट कोबेन, बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिच आणि तालवादक डेव्ह ग्रोल हे ते तिघे. या संगीताला अल्टरनेटिव्ह रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या रुळलेल्या रॉकला पर्याय म्हणून छोट्या संस्थांतून आणि विद्यार्थ्यांच्या रेडिओवरून वाढलेला प्रवाह, असे म्हटले जाते. हे गाणे गाजल्यावर तो पर्याय स्वतःच बाजाराचा मुख्य माल बनला, हा त्यातला उपरोध पुष्कळांनी नोंदवला आहे. भारतात त्याच वर्षी स्टार टीव्हीच्या उपग्रह वाहिन्या सुरू झाल्या आणि त्यांतील एमटीव्हीमुळे पाश्चात्त्य गाणे मोठ्या शहरांबाहेरच्या केबलजोडणीवरही दिसू लागले.  

गाण्याचा पाया हार्मोनियमच्या भाषेत सांगायचा तर षड्ज पांढरी चार आहे आणि बासचे मूळ स्वर पांढरी चार, काळी पाच, काळी चार, काळी एक असे फिरत राहतात. म्हणजेच सा, म, कोमल ग, कोमल ध. अशा फिरत्या, लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाद्यवाक्याला रिफ म्हणतात, आणि या गाण्यात पाच मिनिटे जवळजवळ तेच एक वाक्य चालते. चार स्वरांची ही साखळी स्वतः विशेष मौलिक नाही. लक्ष द्यावे असे जे आहे ते कडव्यात घडते. कडवे सुरू होताच गिटारचा गदारोळ थांबतो, बास आणि ताल चालू राहतात, आणि गिटार फक्त दोन स्वर छेडते, पाण्यावरच्या तरंगासारखा कंप देणाऱ्या एका पेडलमधून : आधी पंचम, मग षड्ज. मग थांबणे, आणि पुन्हा तेच. खाली बास चार जागा बदलतो, वरचे दोन स्वर मात्र हलत नाहीत.

मिरजेच्या कोणत्याही श्रोत्याला हे दोन स्वर कुठले हे सांगावे लागणार नाही. तंबोऱ्याची पहिली तार पंचमात, मधली जोड षड्जात आणि शेवटची खरजात मिळवलेली असते, म्हणजे चार तारांत मिळून दोनच स्वर असतात. तंबोऱ्यावर गायकाचे स्वर फिरतात आणि तारा स्थिर राहतात. या कडव्यात त्या स्थिर स्वरांखाली आधारच सरकतो, आणि त्यामुळे न हलणाऱ्या दोन स्वरांचे नाते प्रत्येक सरकण्याबरोबर वेगळे होते. बास षड्जावर असताना ते सा-प असतात. तो मध्यमावर गेला की तोच पंचम नव्या आधाराचा ऋषभ होतो आणि षड्ज पंचम होतो. कोमल गंधारावर गेला की ते गंधार आणि धैवत होतात. कोमल धैवतावर गेला की निषाद आणि गंधार. जुन्या शास्त्रात आधारस्वर सरकवून तेच स्वर नव्या नात्यांत ऐकण्याच्या कल्पनेला मूर्च्छना म्हणत, आणि तिची इतकी उघड, इतकी काटकसरीची प्रचिती लोकप्रिय संगीतात क्वचितच सापडते. कोबेन यांना हे शास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. आपण 'पिक्सीज' या दुसऱ्या अमेरिकी वाद्यवृंदाचे अनुकरण करत होतो असे त्यांनीच १९९४ मधील एका मुलाखतीत कबूल केले होते.

याहून खोलवरचे साम्य ध्वनीच्या पोतात आहे, आणि त्यासाठी मिरजेच्या कारागिरीकडे वळावे लागते. शिकलगारांनी, म्हणजे एके काळी शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासूनची ती परंपरा पिढ्यान् पिढ्या चालली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, लाकूड तुणीचे असते. पण तंबोऱ्याचा प्राण जवारीत आहे. जवारी म्हणजे घोडीच्या किंचित बाकदार पाठीला आलेली अशी घोटाई की तार तिला एका टोकाशी न टेकता सरपटत स्पर्श करते. तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला की तार झणझणू लागते आणि तिच्या मूळ स्वरासोबत त्याचे वरचे अंशस्वर, म्हणजे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म स्वर, उघडे पडतात. यांतील पाचवा अंशस्वर हा शुद्ध गंधार असतो. कोणत्याही तारेवर न मिळवलेला आणि तरीही सुरेल तंबोऱ्यातून ऐकू येणारा हा गंधार 'स्वयंभू' म्हणून ओळखला जातो, आणि अब्दुल करीम खाँ यांच्या किराणा घराण्याच्या स्वरलगावाची चर्चा त्याच्याशिवाय पुरी होत नाही.

रॉकच्या गिटारमधील डिस्टॉर्शन हीदेखील, कारागिरीचा फरक वगळता, अशीच युक्ती आहे. ध्वनिवर्धकाला त्याच्या कुवतीपेक्षा मोठा संकेत दिला की लहरीची शिखरे कापली जातात आणि त्या कापण्यातून मूळ स्वरात नसलेले अंशस्वर निर्माण होतात. दोन स्वर एकदम वाजवले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही उपजतात. आता गिटारवादक अशा वेळी पूर्ण स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, न वाजवता फक्त सा आणि प वाजवतात; याला पॉवर कॉर्ड म्हणतात, आणि 'टीन स्पिरिट'चे ध्रुवपद त्यावरच उभे आहे. देवलांच्या आकड्यांत पाहिले तर २४० आणि ३६० यांची वजाबाकी १२०, म्हणजे खरज. बेरीज ६००, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. जो स्वर वादकाने वगळला तो यंत्राच्या पोटातून परत येतो.

वादक गंधार का वगळतात याचे कारणही याच मापात आहे. गिटारचे पडदे हार्मोनियमप्रमाणे समान अंतरांच्या बारा स्वरांवर बसवलेले असल्याने तिचा पंचम ३५९.६ वर येतो, म्हणजे जवळजवळ बरोबर. पण तिचा गंधार ३०० ऐवजी ३०२.४ वर चढतो. साध्या आवाजात ही चूक खपते. डिस्टॉर्शनमध्ये मात्र स्वयंभू गंधार आणि पडद्यावरचा चढा गंधार एकमेकांवर आपटतात आणि स्वरसंघ गढूळ होतो. ज्या चढ्या स्वरांच्या तक्रारीवरून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला कित्येक वर्षांसाठी दाराबाहेर ठेवले, त्याच तक्रारीतून रॉकच्या वादकांनी गंधार गाळून वाट काढली, हे क्लेमेंट्स यांना पाहायला मिळते तर त्यांनी नक्कीच एखादी पुस्तिका लिहिली असती.

या गाण्यापुरता एक विशेष याच्याही पुढे आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते गाणे टिकण्याचे मुख्य कारण तेच आहे. चारही पॉवर कॉर्डना आपापला स्वयंभू गंधार असतो. षड्जाच्या संघाचा तो शुद्ध गंधार, मध्यमाच्या संघाचा शुद्ध धैवत. पण कोमल गंधाराच्या संघातून उपजणारा स्वर हा मूळ षड्जाचा पंचम असतो आणि कोमल धैवताच्या संघातून उपजणारा स्वर खुद्द षड्ज. म्हणजे कडव्यात गिटारने स्वच्छ वाजवलेले आणि ध्रुवपदात सोडून दिलेले जे दोन स्वर, तेच आवर्तनाच्या उत्तरार्धात गोंगाटातून आपोआप उगवतात, तेही त्याच क्रमाने, आधी पंचम आणि मग षड्ज. ते किंचित उतरलेले असतात, पंचम ३५९.६ ऐवजी सुमारे ३५७ आणि तारषड्ज ४८० ऐवजी सुमारे ४७६, आणि या उतरलेपणामुळे ध्रुवपदाला एक कच्ची, न पिकलेली धार राहते. शिवाय पहिल्या संघातून शुद्ध गंधार निघतो न निघतो तोच तिसरा संघ कोमल गंधारावर उभा राहतो. दोन्ही गंधारांचा हा शेजार जोग रागाच्या श्रोत्यांना अपरिचित नाही. मात्र जोगात तो आरोह-अवरोहाच्या शिस्तीत येतो, येथे ती शिस्त नाही आणि हे गाणे जोगाच्या जवळपासही जात नाही.

टिकलेल्या भागाइतकाच न टिकलेला भागही स्पष्ट आहे. हळू कडवे आणि कानठळ्या बसवणारे ध्रुवपद ही मांडणी १९९१ मध्ये धक्का देत होती. पुढच्या दहा वर्षांत तिचे इतके साचे निघाले की आज कडवे चालू असतानाच पुढचा स्फोट कधी येणार हे नवख्या श्रोत्यालाही कळते. शब्दांच्या बाबतीत फार आशा बाळगू नये. ते उच्चारातच अर्धे गिळलेले आहेत आणि त्यांतला तारुण्यातला वैताग आज बेतलेला वाटतो. सर्वांत मोठी उणीव बढतीची आहे. उरुसाच्या दिवसांत मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात, किंवा सातारा जिल्ह्यातील औंधच्या १९४० पासून चालत आलेल्या संगीत महोत्सवात ज्यांचा कान घडला, त्यांना पुनरावृत्ती खटकत नाही, कारण मुखडा शंभर वेळा येतो. पण दोन मुखड्यांच्या मध्ये काहीतरी वाढलेले असावे अशी त्यांची रास्त अपेक्षा असते. येथे तिसऱ्या वेळी येणारे ध्रुवपद पहिल्या वेळेसारखेच आहे, फक्त लांबवलेले. गिटारच्या एकल भागाबाबत मात्र ही तक्रार करू नये. त्यात कोबेन नवे काही न वाजवता कडव्यातली गायनाची ओळच जवळजवळ तशीच्या तशी वाजवतात, यावर पुष्कळदा आळशीपणाचा शिक्का मारला गेला. सारंगीची संगत ऐकलेल्या माणसाला मात्र गायकाने म्हटलेले वाद्याने पुन्हा म्हणणे यात काही कमीपणा दिसणार नाही.

गोंगाट काढून घेतला तर काय उरते, याची परीक्षाही होऊन गेली आहे. टोरी एमोस यांनी १९९२ मध्येच हे गाणे केवळ पियानोवर गायले, पॉल अँका यांनी २००५ मध्ये ते स्विंगच्या थाटात नेले आणि पॅटी स्मिथ यांनी २००७ मध्ये बँजोच्या साथीने म्हटले. या तिन्हींत एमोस यांचे गायन सर्वांत सकस आहे, तरी तिन्हींत गाणे ओळखू येते आणि तिन्हींत ते थोडे पोकळ होते. कारण चाल उरते, पण उपजणारे स्वर उरत नाहीत. तंबोरा बाजूला ठेवून गायलेल्या ख्यालाची जी अवस्था होते तीच ही.

म्हणून हे गाणे टिकते की नाही याचा निकाल ते कशावर ऐकले जाते यावरही अवलंबून राहतो. बासचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ४४ कंपनांचा आहे, आणि मोबाइलच्या बोटभर स्पीकरमधून तो जवळजवळ बाहेरच पडत नाही. मग कडव्यात दोन स्थिर स्वर उरतात, पण त्यांच्याखाली सरकणारा आधार धूसर होतो आणि मूर्च्छनेचा सगळा खेळ नाहीसा होतो. बुच व्हिग यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या आणि अँडी वॉलेस यांनी मिश्रण केलेल्या मूळ आवृत्तीत कडवे आणि ध्रुवपद यांच्या पातळीत ऐकण्याजोगे अंतर होते; २०११ च्या विसाव्या वर्षाच्या आवृत्तीत एकंदर आवाज वाढवताना ते अंतर आवळले गेले. तुलना करायची असेल तर १९९१ ची तबकडी किंवा कॅसेट शोधावी, आणि ती बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरवर, बासची कळ मध्यावर ठेवून लावावी.