२०० गणवेश, खर्चापुरत्या भावात

नेरमध्ये आमचे शिलाईचे दुकान अब्बांच्या काळापासून आहे. चार मशीन, एक ओव्हरलॉक, दोन कारागीर आणि आम्ही दोघे भाऊ. काज-बटणाचे काम घरी अम्मी आणि भाभी पाहतात. रमजानमध्ये सहरीपर्यंत मशीन चालतात. ईद झाली की दुकान सुस्तावते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा पुन्हा धावपळ.

यंदा मे महिन्यात जवळच्या खेड्यातल्या शाळेचे सर आले. २०० गणवेश, कापड त्यांचे, शिलाई नगाला १३० रुपये. "पोरं गरीब घरची आहेत, भाई," एवढेच म्हणाले.

रात्री हिशेब मांडला. कारागिराला ९०, धागा-बटण-कॅनव्हास-चेन मिळून २५, काज व इस्त्री १५. झाले १३०. दुकानभाडे तर मशीन बंद असली तरी द्यावेच लागते, ते सोडा. पण आमची कटिंग? २०० गणवेशांचे कटिंग म्हणजे चार-पाच दिवस टेबलाशी उभे राहणे.

दुसरीकडे, मेमध्ये कारागीर रिकामा बसला की अमरावतीची गाडी पकडतो आणि जूनमध्ये हाती लागत नाही. त्यासाठी बिननफ्याचे कामही चालते. मात्र तेच काम १० जूनपुढे लांबले, तर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे २०० रुपये शिलाईचे गणवेश मागे पडणार आणि प्रत्येकामागे सुटणारे ७० रुपये जाणार.

भाभीने २०२४-२५ ची आठवण दिली. 'एक राज्य एक गणवेश' योजनेत शिलाई बचत गटांकडे होती. नगाला १०० रुपये आणि वर १० रुपये आनुषंगिक खर्च. अनेक गटांना परवडले नाही. स्वातंत्र्यदिन आला तरी कित्येक मुलांच्या अंगावर नवा गणवेश नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले.

अब्बा इतकेच बोलले, "मदत करायची तर करा, पण तिला भाव म्हणू नका. नेर केवढं, जुम्म्याच्या नमाजपर्यंत गावभर होईल."

सरांना आम्ही १२० गणवेशांचा होकार दिला. नगाला १४५, म्हणजे कटिंगची थोडी मजुरी त्यात आली. मापे आठ दिवसांत, माल १० जूनच्या आत. बिलावर शिलाई २०० लिहायची आणि खाली ५५ रुपये सूट. सर थोडे गप्प राहिले, मग हो म्हणाले. उरलेल्या ८० साठी ते दारव्ह्याला विचारणार आहेत.

मापांचा कागद काल आला. पहिली ते चौथीची मुले जास्त. सोमवारपासून कटिंग.