आपलेंच आपल्याला परकें

परवां रात्रीं आमच्या वसईच्या घरीं पंगत बसली असतां धाकटा पुतण्या म्हणाला, “अभ्यास करकरून मला अगदीं डीपर्सनलायझेशन झालें आहे!” पंगतींत हशा पिकला. आमच्या वहिनी मात्र आमटी वाढतां वाढतां थबकल्या. त्यांच्या थबकण्याचें कारण घरांतील वडील मंडळींस ठाऊक होतें. आणि त्यांत आमच्याही एका अपराधाचा वांटा असल्यामुळें आम्हांला पुढचा घास गोड लागेना. म्हणूनच या शब्दाविषयीं चार गोष्टी येथें लिहीत आहों.

हा शब्द प्रथम वैद्यांच्या लेखणींतून आलेला नाहीं. जिनीव्हा येथील प्राध्यापक आमिएल यांनीं १८८० सालीं आपल्या रोजनिशींत स्वतःच्याच एका मनःस्थितीस उद्देशून तो वापरला. आणि १८९८ सालीं द्युगा या फ्रेंच पंडितानें तो मानसशास्त्रांत आणला. आपलें शरीर, आपले विचार, आपल्या भावना यांपासून आपण अलग झालों आहों, जणू स्वतःचेंच चालणें-बोलणें दुरून पाहत आहों, असें वाटणें हा त्याचा अर्थ. भोवतालचें जगच खोटें, चित्रांतल्यासारखें वाटूं लागलें, तर त्याला डीरिअलायझेशन म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनीं २०१३ सालच्या आपल्या रोगसूचींत हीं दोन्हीं एकाच विकाराखालीं घातलीं आहेत. जागरण, अतिश्रम किंवा मोठें भय यांनंतर असा क्षणिक अनुभव पुष्कळांना येतो आणि निघून जातो; तो रोग नव्हे. तो ठाण मांडून बसला व नित्याच्या जगण्यांत आड येऊं लागला, म्हणजे मात्र विकार होतो. आणि तो शंभरांत एकदोघांना तरी जडतो.

याच शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे. मॅस्लाक व जॅक्सन या विदुषींनीं १९८१ सालीं कामाच्या थकव्याचें मोजमाप प्रसिद्ध केलें, त्यांत समोरच्या माणसाला माणूस न मानतां वस्तूप्रमाणें वागविण्याच्या वृत्तीस हेंच नांव दिलें. थकलेली परिचारिका रोग्याला नांवानें न ओळखतां खाटेच्या आंकड्यानें ओळखूं लागते, ती ही वृत्ति. पहिल्या अर्थीं आपण आपल्यालाच परके होतों. दुसऱ्या अर्थीं दुसरा आपल्याला परका होतो. आमच्या पुतण्याला या दोहोंपैकीं कांहींच झालेलें नव्हतें. त्याला नुसता कंटाळा आला होता.

आतां आमच्या अपराधाची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं वहिनींच्या मातोश्री दीर्घ दुखण्यानें वारल्या. तीन महिने वहिनींनीं उशाशीं बसून रात्री काढल्या होत्या. परत आल्या त्या अगदीं शांत. डोळ्यांत पाणी नाहीं, बोलण्यांत तक्रार नाहीं. स्वयंपाक, देवपूजा, आल्यागेल्याचें, सारें यथासांग चाललें होतें. “केवढी स्थितप्रज्ञ बाई!” असें सारें घर म्हणूं लागलें. पुढें कार्तिकांत एके सायंकाळीं निरांजन लावतां लावतां त्या आम्हांला म्हणाल्या, “भाऊजी, हे हात माझेच आहेत हें मला समजतें, पण ते माझे वाटत नाहींत. जणू कोणी दुसरीच वात लावते आहे आणि मी नुसती बघते आहें. मला वेड तर लागत नाहीं ना?”

आम्ही नुकतेच निर्मळच्या शंकराचार्य मंदिराच्या यात्रेहून आलों होतों. साक्षीभावाचें निरूपण कानांत ताजें होतें. आम्ही हंसून म्हणालों, “वहिनी, ज्यासाठीं लोक घरदार सोडून हिमालयांत जातात, तें तुम्हांला देवघरांत बसल्या जागीं मिळालें!” त्या कसनुशा हंसल्या, आणि त्यानंतर चार महिने हा विषय त्यांनीं घरांत कोणापाशींही काढला नाहीं.

त्यांचा थोरला मुलगा वर्षभरानें परदेशाहून आला. त्यानें वांकून नमस्कार केला, वहिनींनीं तोंडभर आशीर्वाद दिला. त्या रात्रीं त्या आमच्या बंधूंना म्हणाल्या, “मुलगा आला, मला आनंद व्हायला हवा हें कळलें, पण तो झाला नाहीं.” बंधूंनीं दुसऱ्याच दिवशीं त्यांना डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरांनीं सर्व ऐकून एकच प्रश्न विचारला, “हात दुसऱ्याचे आहेत, कीं दुसऱ्याचे असल्यासारखे वाटतात?” वहिनी म्हणाल्या, “असल्यासारखे.” “मग हें वेड नव्हे,” डॉक्टर म्हणाले, आणि तो लांबलचक शब्द त्यांनीं प्रथम सांगितला. वहिनी तेथेंच रडूं लागल्या. आईच्या मरणानंतर त्या प्रथमच रडत होत्या.

विरक्ति आणि हा विकार यांतील भेद आम्हांला तेव्हां उमगला. विरक्त पुरुष ममत्व आपण होऊन सोडतो, आणि सोडल्यावर निर्भय होतो. वहिनींचें ममत्व त्यांच्या हातून गळून गेलें होतें, आणि त्या रात्रंदिवस भीत होत्या. ‘व्यक्तित्वलोप’ असें या शब्दाचें भाषांतर करतां येईल. पण वहिनींचें व्यक्तित्व कोठें गेलें नव्हतें, गेला होता तो आपलेपणा. आणि घरानें त्याचें कौतुक केल्यामुळें दुःख सांगण्याची वाटही बंद झाली.

या विकारावर एखादें रामबाण औषध नाहीं. झोपेची घडी बसविणें, सोबतीची चिंता वा खिन्नता असल्यास तिच्यावर उपचार करणें, आणि जाणत्या तज्ज्ञाशीं वारंवार बोलणें, यांनींच वहिनींना हळूहळू उतार पडला. प्रथम कोणाला विचारावें हें सुचत नसेल, त्यांच्यासाठीं भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

अजूनही थोडें जागरण घडलें कीं वहिनींना एखादा दिवस तसा जातो. तेव्हां त्या सकाळींच सांगतात, “आज हात जरा लांब आहेत हो.” मग कोणी विनोद करीत नाहीं, वेदान्तही सांगत नाहीं, जवळ कोणी तरी बसून राहतें. परवां त्या पुतण्याला एवढेंच म्हणाल्या, “बाळ, कंटाळा आला असेल तर कंटाळा आला म्हण. तो शब्द कोणाला खरोखरच लागेल, तेव्हां तो ऐकून कोणी हंसूं नये.”