दांडी उंच केली की

भाच्यानं ईदीच्या पैशांतून गेमपॅडच्या दांडीवर चढवायची उंच टोपी मागवली. दारव्ह्याला आला तेव्हा अब्बू चिडलेच. आयुष्यभर एसटी चालवलेल्या माणसाला खोट्या शर्यतीवरचा खर्च कसा पटणार?

हिशेब मात्र सरळ आहे. दांडी कलते तेवढ्याच कोनात. टोक उंच झालं की अंगठ्याला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून गाडी थोडी थोडी वळवता येते, एकदम कठड्यावर जात नाही. (अंगठा लहान असेल तर त्रासच.)

अब्बूंनी हातात घेऊन पाहिलं. "पॉवर स्टेअरिंग नव्हतं तेव्हा आमचं चाकही मोठंच असायचं. हात जास्त फिरवा, जोर कमी लावा."

रिटायर झाल्यापासून गाडीचा विषयही न काढणारे अब्बू मगरिबच्या अजानपर्यंत नातवाला दिग्रस रस्त्यावरची वळणं सांगत बसले.