तास मोजायचा कुणी?

नेरूळ, ३ फेब्रुवारी २०२५

सून ऐरोलीची लोकल पकडायला निघाली की घरात मी आणि अडीच वर्षांची नात. आज भाजी निवडताना विचारलं, "चिऊ, ही कुठली गं भाजी?" तिनं मान वर केली नाही. टॅबमधली बाई रंग विचारत होती आणि चिऊनं तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून पुढे जात होती. चिऊला इंग्रजी रंग पाठ आहेत. पण कुणी विचारलं की आपण बोलायचं असतं, हे तिच्यातून निसटतंय. तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या मला हे आज दिसावं!

६ फेब्रुवारी

रात्री सुनेशी बोलले. तिला दोष कसा देऊ? गुडघे धरले होते तेव्हा भरवताना टॅब मीच लावून दिला होता. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, कमी तितका बरा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय. तिला ते ठाऊक होतं. "पण आई, तास मोजायचा कुणी?" म्हणाली.

मग तिनंच पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग वाचून दाखवला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, बोलली. बारा बैठकांत बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू येऊ लागले. तेच पडद्यावर पाहिलेल्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही. बराच वेळ झोप लागली नाही.

८ फेब्रुवारी

चिपळूणहून आजोबांचा व्हिडिओ कॉल. ते टॉवेलाआड लपले, थांबले, चिऊ ओरडेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. "बुवाऽ कुक!" पोर खिदळत होती. काच तीच, पण पलीकडचं माणूस तिच्यासाठी थांबत होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, पानं हाताशी घेऊन मुलं शिकवली. आमच्या सातव्या मजल्यावर मटाराच्या शेंगा. परात मध्ये ठेवली. "ही कुठली भाजी?" विचारलं आणि गप्प राहिले. फार वेळ गेला. मी दाणे सोलत राहिले.

एका शेंगेत अळी निघाली. चिऊनं बोट लावलं, अळी दाण्यांत शिरली.

"आजी, कुठे गेली?"

दोघी परातीत वाकून शोधत बसलो. वरण करपलं.