अर्थशास्त्र की पत्रकारिता? दोन्ही घ्या!

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी दोन-चार पालकांचे फोन येतात. "पोरगी पत्रकार व्हायचं म्हणतेय. बी.ए.ला अर्थशास्त्र घेऊ दे, की सरळ पत्रकारितेला टाकू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन्ही करू द्या, आणि सोबतच करू द्या. का, ते एकदा सविस्तर लिहितो.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. तिथे बातमीचा इंट्रो, मथळा, मुलाखत, वृत्तपत्रांचा इतिहास, अब्रुनुकसानीचा कायदा हे सगळं शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. पण आकडा समोर आला की त्याला प्रश्न कसा विचारायचा, हे अभ्यासक्रमातच नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणी तर बरीचशी मोठी बातमी आकड्यांतच दडलेली असते.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचं बघा. नाव घेत नाही. वर्धापनदिनाला प्रेसनोट यायची, 'ठेवींनी अमुक कोटींचा टप्पा ओलांडला.' बातमी लागायची, शेजारी पाव पान जाहिरात. लोकांना वाटायचं, संस्था जोरात आहे. अहो, पण ठेव म्हणजे संस्थेची कमाई नव्हे, संस्थेच्या डोक्यावरचं देणं! विचारायचं होतं ते वेगळंच. कर्ज कुणाला दिलं? थकबाकी किती? बँकेपेक्षा इतकं जास्त व्याज देता, ते आणता कुठून? ताळेबंद वाचणं हा वाणिज्य शाखेचा विषय, मान्य. पण जास्त व्याज म्हणजे जास्त जोखीम, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातलं आहे.

आणखी एक गोष्ट. बँकेतल्या ठेवीला, अगदी सहकारी बँकेतल्याही, विमा असतो. फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. ही एक ओळ त्या बातम्यांत कधीच आली नाही. संस्था बुडाली तेव्हा निवृत्त शिक्षक, भाजीवाल्या बाया, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेले शेतकरी तहसीलसमोर उपोषणाला बसले. त्या उपोषणाची बातमी मात्र सगळ्यांनी फोटोसकट छापली.

दुसरं उदाहरण सोयाबीनचं. 2014-15 साली हमीभाव होता क्विंटलला 2560 रुपये. 2024-25 साली 4892. मथळा तयार, 'हमीभाव जवळपास दुप्पट!' खोटा नाही. पण वर्षाला सरासरी 5 टक्के महागाई धरली, तर 10 वर्षांपूर्वीचे 2560 म्हणजे 2024-25 चे साधारण 4170. म्हणजे खरी वाढ 17 टक्क्यांच्या आसपास. आणि 2024 च्या हंगामात बाजार समित्यांमध्ये भाव हमीभावाच्या बराच खाली होता. त्यामुळे ज्याने 4100 च्या आसपास माल विकला, त्याच्या हातात 10 वर्षांपूर्वीच्या हमीभावाएवढंच पडलं. बी-बियाणं, मजुरी, फवारणी यांचा हिशेब तर अजून केलेलाच नाही. सरकारची बाजू घ्या नाहीतर विरोधकांची, हे गणित केल्याशिवाय दोन्हींकडची बातमी अर्धवटच.

जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रकही तसंच. मार्चमध्ये सभा होते, 'इतक्या कोटींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर' असं छापून येतं. अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने शेजारी ठेवून कोण बघतं? गेल्या वर्षी शाळा दुरुस्तीला ठेवलेले पैसे खर्च झाले का, हे त्या तिसऱ्या रकान्यात असतं.

कुणी म्हणेल, हे काय नवीन खूळ? नवीन अजिबात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. 31 जानेवारी 1920 ला त्यांनी 'मूकनायक' सुरू केलं, त्याच वर्षी उरलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. 1923 ला रुपयाच्या प्रश्नावरचं त्यांचं पुस्तक आलं, 1927 ला 'बहिष्कृत भारत'. महार वतन म्हणजे मान नसून फुकटात राबवून घ्यायची सोय आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आर्थिक होता. 1928 ला त्यांनी त्यावर मुंबईच्या कायदेमंडळात विधेयकही आणलं. संपादक आणि अर्थतज्ज्ञ एकाच माणसात असले की काय होतं, ते आपल्याच मातीत घडून गेलंय.

मग नुसतं अर्थशास्त्रच का नको? कारण बऱ्याच अर्थशास्त्रींचं लिहिणं शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही. दार ठोठावून माहिती काढणं, दोन ठिकाणी पडताळणं, चार ओळींत सोपं करून सांगणं, हे पत्रकारिताच शिकवते.

आता सोयही झाली आहे. एप्रिल 2022 मध्ये यूजीसीने दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली. तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत, एवढी अट. एक कॉलेजात आणि एक दूरशिक्षणाने, असंही चालतं. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. अर्थशास्त्र बहुतेक ठिकाणी मिळतं. त्याच्या जोडीला मुक्त विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम बघा. प्रवेशाआधी दोन्हीकडे लेखी विचारून घ्या, म्हणजे नंतर हेलपाटे नकोत.

खोटी आशा दाखवत नाही. अर्थशास्त्र आलं म्हणून जाहिरातीचा दबाव जात नाही. ग्रामीण वार्ताहराचं पोट अनेकदा जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, आणि मोठी जाहिरात देणारा बहुधा तोच असतो ज्याचा ताळेबंद तपासायला हवा. मानधनाबद्दल तर बोलायलाच नको. पण अर्थशास्त्राची पदवी हाताशी असली तर बँका, स्पर्धा परीक्षा, संशोधन संस्था ही दारंही उघडी राहतात. दुसरं दार उघडं असलेल्या माणसाला पहिल्या दारात थोडं ताठ उभं राहता येतं.

तर पालकांनो, मुलीला अडवू नका. आणि पोरांनो, कॉलेज सुरू व्हायच्या आधी एक काम करा. आपल्या ग्रामपंचायतीत जा आणि गेल्या वर्षीचं अंदाजपत्रक व जमाखर्च बघायला मागा. मिळालं तर घरी बसून वाचा. नाही मिळालं, तर तुमची पहिली बातमी तीच.